चार जाड तारांचं मौन

"माझ्यासारखा शोधक मेंदू शतकातून एखादाच जन्माला येतो," वडील म्हणाले, "आणि घरच्यांना तो फक्त दूध आणताना आठवतो."

ते दारात उभे होते. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. दूध आणायला जाताना स्क्रू-ड्रायव्हर कशाला नेला होता, हे त्यांच्या मुलीने विचारलं नाही. तिने दुसरंच विचारलं.

"पण कालचं दूध नासलं कसं, बाबा?"

"फ्रिज संशयित होता. रात्रभर बंद ठेवून चौकशी केली."

"मग?"

"निर्दोष सुटला."

"आणि दूध?" आतून शिलाई मशीन थांबवून आईने विचारलं.

"तपासात थोडीफार हानी व्हायचीच," वडील म्हणाले, आणि पिशवी ओट्यावर ठेवून आले.

वडिलांचा उभा जन्म लिफ्ट तपासण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी खातं बदललं, स्वभाव तोच ठेवला. इमारतीत कुणाची छत्री हरवो, कुणाचा नळ गळो, सगळी प्रकरणं त्यांच्याकडे येत. खरं सांगायचं तर प्रकरणं जागच्या जागी असत, हेच त्यांच्याकडे जात. मुलगी शाळेत भूगोल शिकवायची आणि घरी आल्यावर सहायक व्हायची. सहायकाची कामं दोन. टॉर्च धरायचा आणि प्रत्येक सिद्धान्तानंतर "असेल" म्हणायचं. तुम्ही चुकताय, असं त्या घरात त्यांना कुणी म्हणत नसे. भीतीपोटी नव्हे. म्हटलं की ते पुरावे मांडायला बसत, आणि मग गॅसवरचं काहीतरी करपे.

सध्याचं प्रकरण गिटारचं होतं. घर सोडून जाणाऱ्या एका शेजाऱ्याकडून त्यांनी जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. तिच्यावर त्यांना एकच गाणं येई, तेही अर्धं. पण अलीकडे त्या अर्ध्यातलंही अर्धं ऐकू येईनासं झालं होतं. खालच्या दोन बारीक तारा ठणठणीत वाजत आणि वरच्या चार जाड तारा लांबच्या खोलीत बसून कुजबुजल्यासारख्या.

"सहायक, टॉर्च," वडील म्हणाले. "हा तारांखालचा तुकडा बघ. याला पिकअप म्हणतात. आत चुंबक, भोवती बारीक तारेचं वेटोळं. वरची तार थरथरली की याला कळतं, आणि हा ते स्पीकरला सांगतो. आता हा सांगेनासा झालाय. चुंबक म्हातारं झालं."

"असेल. पण बाबा, तारा नाही ना खराब?"

वडिलांनी टॉर्चच्या उजेडातून तिच्याकडे कीव येऊन पाहिलं. "लिफ्ट ताब्यात आली की पहिल्यांदा काय बघायचं? दोर. मी तेच केलं. सगळं ठीक वाजत असतानाच जुन्या तारा काढल्या, स्वतः निवडून नव्या आणल्या, स्वतः बसवल्या. बघ कशा सोन्यासारख्या चमकतायत. माझ्या हातच्या दोरावर संशय घेतेस?"

"नाही," ती म्हणाली. कोणीच कधी घेतला नव्हता.

गिटारच्या दुकानातून त्यांनी दोन नवे पिकअप पसंतीसाठी आणले होते. एक एकेरी वेटोळ्याचा, एक दुहेरी. दोन्ही टीपॉयवर शेजारी शेजारी मांडले होते, ओळखपरेडला आणल्यासारखे.

"उद्या संध्याकाळी दुकानात जाऊ. यातला एक ठरवायचा. तू चल."

"मला पेपर तपासायचेत, बाबा."

"परवा तपास."

"बघू," ती म्हणाली, आणि सहायकाने टाकावा तसा सुस्कारा टाकला.

पहाटे ते गेले. त्यात रहस्य काही नव्हतं. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि त्यावर कुणाला सिद्धान्त सुचला नाही.

माणसं आली, बसली, गेली. टीपॉयवर कप ठेवता यावेत म्हणून कुणीतरी ते दोन पिकअप फ्रिजवर ठेवले. काही आठवड्यांनी दुकानदाराचा फोन आला. आवाजात संकोच होता. "ताई, घाई नाही. पण काकांनी दोन नेले होते. त्यातला एक परत हवा होता."

"कोणता?"

"ते तुम्ही ठरवायचं."

तिने तपास हाती घेतला. वडिलांची पद्धत तिला पाठ होती, म्हणून चुकाही त्याच क्रमाने झाल्या. पहिला सिद्धान्त असा की वडिलांनी मनात एक नक्की केला असणार आणि तो जास्त हाताळला असणार. तिने दोघांवरचे बोटांचे ठसे टॉर्चने पाहिले. दोन्हीवर खोबरेल तेल निघालं. दुसरा असा की जाड तारांना जोर हवा, म्हणजे दुहेरी. तिसरा असा की आजवर वडिलांनी घरात कुठलीच गोष्ट दुहेरी आणली नव्हती, म्हणजे एकेरी. हे तिन्ही ती फ्रिजसमोर उभी राहून मोठ्याने मांडत होती. "असेल," आई म्हणाली, आणि भाजीखालचा गॅस बारीक केला.

मग ती पिकअप घेऊन दुकानात गेली. गिटार नेली नाही. लिफ्ट कधी कार्यशाळेत नेत नाहीत, तपासनीस लिफ्टकडे जातो, हे त्या घराचं शास्त्र होतं.

"हा एकेरी जरा तिखट बोलतो, पण स्पष्ट," दुकानदार म्हणाला. "दुहेरी शांत आहे, भरदार आहे, घरात कुरकुर करत नाही."

"स्थळं सांगताय का?"

दुकानदार हसला नाही. "काका काय वाजवायचे?"

"एक गाणं. अर्धं."

"मग दोन्ही चालतील. गिटार घेऊन या, जुना पिकअप मी कापून काढतो. एकदा काढला की आवाज मात्र बदलणार हं. पूर्वीचा परत येत नाही. जुना टाकून देऊ की हवाय?"

"कळवते," म्हणून ती निघाली. कोणता घ्यायचा हा प्रश्न रस्त्यातच मागे पडला. जुना काढू द्यायचा का, एवढंच उरलं. वडिलांचं ते अडखळतं अर्धं गाणं त्या म्हाताऱ्या चुंबकातून येत होतं. घरात त्यांचा आवाज असा दुसऱ्या कशातच राहिला नव्हता. न काढावा, तर गिटार मुकी. काढावा, तर ती बोलेल, पण दुसऱ्या कुणासारखी.

रविवारी तिने गिटार खुर्चीत आडवी ठेवली आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन नुसती बसून राहिली. आई जवळून कापड घेऊन जात असताना तिच्या हातून टाचण्यांची डबी सांडली. निम्म्या गिटारवर, निम्म्या जमिनीवर.

"हलू नकोस, पायात जातील." आईने मशीनवरचं टाचण्या वेचायचं चुंबक आणलं आणि गिटारवरून फिरवलं. बारीक तारांना ते खटकन चिकटलं. ओढून सोडवावं लागलं. जाड तारांशी मात्र त्याने जेमतेम ओळख दाखवली.

"याला तुझ्या बाबांच्या सोनेरी तारा आवडलेल्या दिसत नाहीत," आई म्हणाली आणि जमिनीकडे वळली.

मुलीने चुंबक तिच्या हातातून घेतलं. पुन्हा फिरवलं. मग पिकअपकडे पाहिलं. तोही चुंबकच. तिने दुकानदाराला फोन लावला आणि चुंबकाचं सांगितलं.

"तारा सोनेरी आहेत का?" त्याने विचारलं.

"हो. खूप छान चमकतात."

"ताई, वरून पितळी वेढा असलेल्या तारा त्या. साध्या लाकडी गिटारच्या, बिनविजेच्या. पिकअपला त्या नीट कळतच नाहीत. काकांनी मला सांगितलं असतं तर..."

"ते कसं सांगतील? तारा त्यांनी स्वतः निवडल्या होत्या."

"म्हणजे पिकअप ठणठणीत आहे. बदलू नका."

तिने दोन्ही पिकअप परत केले आणि पोलादी तारांचा सगळ्यात स्वस्त संच आणला. दिसायला अगदी मठ्ठ. बसवल्या, स्पीकर लावला आणि अंगठा वरून खालपर्यंत ओढला. सहाही तारा एकदम बोलल्या. जाड तारांचा आवाज जमिनीतून तिच्या पायापर्यंत आला. जुना पिकअप होता तिथेच होता.

तिने पुन्हा एकदा अंगठा ओढला.

"बाबा," ती वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "चुकलात तुम्ही."

आतलं मशीन थांबलं. "मोठ्याने म्हण," आई म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणतंय, मला नीट ऐकू दे."

"साफ चुकलात, बाबा!" ती मोठ्याने म्हणाली. पुरावे मांडायला कुणी आलं नाही. तारा अजून हलत होत्या, आणि आवाज निघालाच होता म्हणून तिने थांबवला नाही. "आणि ‘बघू’ म्हणाले होते मी. काय बघू! मला तुमच्याबरोबर यायचं होतं. मला दर वेळी यायचं असायचं."