अँथनी नाना कॉलेज तपासतात

कॉलेजच्या ऑफिसात गेल्यावर लोक फी विचारतात, होस्टेल विचारतात, पुढे नोकऱ्या लागतात का ते विचारतात. अँथनी नाना खिडकीत वाकतात आणि विचारतात, "चॅपेलची किल्ली कोणाकडे असते?"

मग मनगट वर करून घड्याळ बघत उभे राहतात. प्रार्थनाघराची किल्ली सापडायला जितका वेळ लागेल, त्यावरून त्या कॉलेजात देवाची विचारपूस किती होते ते कळतं, असं त्यांचं म्हणणं.

नाना भुसावळला रेल्वेत होते. गाडी सुटण्याआधी खाली वाकून डबे तपासायचे, हे त्यांचं काम. नादुरुस्त डब्याला रेल्वेत 'सिक' म्हणतात आणि तो गाडीतून काढून बाजूला उभा करतात. निवृत्त झाल्यावर नाना जळगावला आमच्या गल्लीत राहायला आले. बायको आधीच गेलेली, घरात एकटेच. तपासायला डबे उरले नाहीत, म्हणून ते आता बाकीचं जग तपासतात. माझी नवी स्कूटर पहिल्याच दिवशी सिक ठरली. फादरांच्या प्रवचनाबद्दल एकदा म्हणाले, "फिट होतं. शेवटचे दोन डबे उगाच जोडले." मूळचे धुळ्याकडचे असल्यामुळे राग आला किंवा माया आली की त्यांची खानदेशी बाहेर पडते. एरवी बोलतात ते सरकारी पत्रासारखं.

हा माणूस माझ्या वाट्याला आला तो माझ्याच तोंडामुळे. माझी मुलगी रीना बारावी झाली. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात फादरांनी विचारलं, "आता पुढे काय?" आजूबाजूला चार माणसं ऐकत होती. मी गळा साफ करून म्हणालो, "फादर, चर्चच्या शिकवणुकीशी प्रामाणिक असलेलं कॅथलिक कॉलेजच बघणार. नुसतं नावापुरतं नको."

खरं सांगतो, हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत माझ्या मनात तसलं काही नव्हतं. प्रवचन चालू असताना मी हळूच एक पत्रक वाचत होतो, त्यात ते होतं. मला दहा आज्ञा क्रमाने म्हणता येत नाहीत. सहावी आणि नववी यांत माझा हमखास घोळ होतो, आणि त्या दोन्ही परस्त्रीचा मोह टाळण्याबद्दल असल्यामुळे बायको माझ्याकडे संशयाने बघते. पण फादर खूश झाले, चार माणसांनी माना डोलावल्या, आणि मागून नाना म्हणाले, "फ्रान्सिस, बोलनास ते बराबर बोलनास. पण तपासाव कोण?"

ते स्वतःच तपासणार होते. रीनाला वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. तिला काय वाटतं हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

आम्ही तिघं निघालो. पहिल्या कॉलेजच्या फाटकावर संताचा भलामोठा पुतळा होता. मी मनातल्या मनात प्रवेश घेऊनही टाकला. नानांनी किल्ली मागितली. शिपाई ग्रंथपालांकडे गेला, ग्रंथपालांनी त्याला खेळाच्या सरांकडे पाठवलं, सर जेवायला गेले होते. बावीस मिनिटांनी चॅपेल उघडलं. आत कॅरमबोर्ड आणि स्नेहसंमेलनाचे पडदे. नानांनी दोन कॅरमबोर्ड बाजूला केले, तेवढ्या जागेत गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि उठून गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाले, "सिक."

दुसऱ्या कॉलेजात चॅपेल उघडंच होतं. ताजी फुलं होती. नानांचा चेहरा उजळला. प्राचार्यांनी आम्हाला आत बोलावून चहा दिला आणि सांगितलं, "आम्ही धर्मशिक्षणाऐवजी मूल्यशिक्षण ठेवलंय. सर्वांना चालेल असं."

"त्यात येशूचं नाव येतं का?" नानांनी विचारलं.

"नाताळच्या कार्यक्रमात येतं."

नानांनी कप खाली ठेवला. प्राचार्य माझ्याकडे वळले. "वडील म्हणून तुमची नेमकी अपेक्षा काय?"

"शिकवणुकीशी प्रामाणिक," मी म्हणालो.

"म्हणजे कोणत्या शिकवणुकीशी?"

माझ्या हातात बिस्किट होतं. ते मी चहात बुडवलं आणि बराच वेळ बुडवून ठेवलं. रीना म्हणाली, "पप्पा, सांगा ना." बिस्किट तुटून कपात पडलं. मी म्हणालो, "सगळ्याच."

परतीच्या बसमध्ये नानांनी निकाल दिला. कॉलेज अर्धं फिट. मी पूर्ण सिक.

तिसरं कॉलेज धुळ्याच्याही पुढे होतं, सिस्टरांनी चालवलेलं, पत्र्याच्या छपराचं. माझ्या मनातून ते बघताक्षणीच उतरलं. अशा कॉलेजचं नाव चर्चच्या आवारात सांगून कोणावर छाप पडणार? नानांनी किल्लीचं विचारलं, तर प्राचार्य सिस्टर म्हणाल्या, "कुलूपच नाही. शेळ्या शिरतात म्हणून कडी घालतो, तेवढंच."

नानांनी मनगट खाली केलं. मग त्यांनी शिकवण्याबद्दल विचारलं. सिस्टर वयस्क होत्या, सावकाश बोलायच्या. "अर्ध्याहून जास्त मुली ख्रिस्ती नाहीत. त्यांच्यावर कसली सक्ती नाही. आपल्या मुलींना मात्र चर्च जे शिकवतं ते पूर्ण शिकवतो. अवघड आहे म्हणून काही गाळत नाही. तसं जगणं आम्हाला रोज जमतं असं नाही, तेही त्यांना सांगतो."

तेवढ्यात रीना बोलली. "सिस्टर, मला काही गोष्टी पटत नाहीत. विचारलं तर चालेल?"

मी खोकलो. तिने लक्ष दिलं नाही. "घरी विचारलं की पप्पा म्हणतात, फादरना विचार. फादरना विचारायची मला भीती वाटते."

"माझ्याकडे ये," सिस्टर म्हणाल्या. "मला उत्तर येईलच असं नाही. नाही आलं तर दोघी मिळून शोधू. प्रश्न विचारला म्हणून तुझी श्रद्धा गेली, असं इथे कोणी म्हणणार नाही."

मी नानांकडे बघितलं. त्यांची खुर्ची रिकामी होती.

ते अंगणातल्या नळावर तोंड धूत होते. पुन्हा पुन्हा धूत होते. रीना वनस्पतिशास्त्राच्या बाईंना भेटायला गेली आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. नाना म्हणाले, "मन्हा जोसेफनी माले असंच इचारं व्हतं."

त्यांना मुलगा आहे, बंगळुरूला असतो, एवढंच आम्हाला माहीत होतं. नानांनी त्याच्यासाठीही कॉलेज शोधलं होतं, सगळ्यांत नावाजलेलं. दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आला तेव्हा जोसेफ म्हणाला, "पप्पा, माझ्या मनात शंका आहेत, तुमच्याशी बोलायचंय." नाना ड्यूटीवर निघाले होते. ते म्हणाले, "शंका ठेवायची नाही. मिस्साला जात जा." जोसेफने पुन्हा काही विचारलं नाही. पुढे त्याने चर्च सोडलं. आता नाताळला त्याचा फोन येतो. दोघं हवापाण्याचं बोलतात आणि ठेवून देतात.

"इतकी वर्षं मी कॉलेजले दोष देत राह्यनू," नाना म्हणाले.

 पुढे काय करायचं ते रीनाला सुचलं. ती मागे येऊन कधी उभी राहिली होती कोण जाणे. तिने नानांच्या शेजारी बसून त्यांचा फोन मागितला. "काय लिहायचं ते सांगा, मी लिहिते."

नाना थांबत थांबत सांगत गेले. "जोसेफ, तू काय विचारणार होतास ते मी ऐकूनच घेतलं नाही. आता विचारशील का? मला उत्तर येईल असं नाही."

रीनाने त्याच कॉलेजात प्रवेश घेतला. जोसेफचं उत्तर आठवडाभर आलं नाही. त्या आठवड्यात नानांनी कशालाच सिक म्हटलं नाही, म्हणून गल्लीला काळजी वाटायला लागली.

पुढच्या रविवारी मिस्साची घंटा झाली तरी नाना आत आले नाहीत. मी मागे वळून दारातून पाहिलं. ते चर्चच्या कुंपणाजवळ कडुनिंबाखाली उभे होते, फोन कानाला लावून. मी बाहेर जाऊन खुणेने विचारलं. त्यांनी हातानेच सांगितलं, संध्याकाळच्या मिस्साला येतो, तू जा.

मी गेलो नाही. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. दुसऱ्याचा फोन ऐकणं पाप आहे की नाही, आणि असलं तर कितव्या आज्ञेत बसतं, ते मला माहीत नाही. पण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. नाना बोलतच नव्हते. मध्येच फक्त म्हणत होते, "हां. हां बेटा. सांग."

आत लोक उभे राहिल्याचा आवाज आला, गाणं सुरू झालं. नानांनी तिकडे पाठ फिरवली, दुसरा कान हाताने झाकला आणि म्हणाले, "नीट ऐकू येत नव्हतं. पुन्हा सांग."