तेवीस हजारांची इस्त्री

लाटणं चपात्यांसाठी असतं हे शाळेचं तोंड न बघितलेल्यालाही कळतं. पण धोंडू साटमच्या खोलीत गेली चार वर्षं, म्हणजे बायको लक्ष्मी गेल्यापासून, लाटणं भिंतीसाठी होतं. चपात्या खालच्या खानावळीतून यायच्या. शेजारच्या खोलीत आनंदाने आपल्या बेंजो पार्टीची धून लावली रे लावली की धोंडू लाटणं उचलायचा आणि भिंतीवर तीन दणके द्यायचा. मग आनंदा नाहीतर त्याची बायको मेघना दारात हजर.

"सॉरी काका, कमी करतो."

"कमी नको, बंद कर!"

एवढंच बोलणं. (दिवसाचं एकूण बोलणंही तेवढंच. पण ते चाळीला कशाला सांगा?)

आता खरी गोष्ट सांगतो, ती धोंडूने कोणालाच सांगितली नव्हती. त्याला ऐकूच यायचं नाही. म्हणजे अगदी ठार नाही, पण कुकरच्या शिट्टीपासून दारावरच्या टकटकीपर्यंत बारीक आवाज सगळे गेलेले. वीस वर्षं परळच्या मिलमध्ये साचेखात्यात काढली. एका छपराखाली चारशे साचे एकदम खडखडायचे, कापड निघायचं आणि कान जायचे. तिथे कोणी कोणाला ऐकतच नसे. ओठ बघून बोलणं समजून घ्यायचं. साच्याची तब्येत बघायची तर त्याच्या अंगावर तळहात ठेवायचा. ती सवय धोंडूच्या हाडात मुरलेली.

मग आनंदाचा आवाज त्याला कळायचा कसा? भिंतीला लागून लक्ष्मीची पत्र्याची पेटी होती. पलीकडे ढोल सुरू झाला की पेटीची कडी थरथरायची. धोंडूचा एक हात कायम त्या पेटीवरच असायचा, त्यामुळे ढोल त्याला कोपरापर्यंत समजायचा. चाळीने मात्र ठरवून टाकलं होतं, म्हाताऱ्याचे कान मांजराचे आहेत. धोंडूनेही ते खोडून काढलं नाही. उतारवयात माणसाच्या नावावर एखादी चांगली अफवा असलेली बरी.

डोंबिवलीला राहणाऱ्या मुलाने, राजेशने, कानाचं यंत्र आणून दिलं होतं. धोंडूने ते एकदाच लावलं, दिवसभर त्यातून आपल्याच खोलीतला पंखा ऐकला आणि फळीवर ठेवून दिलं. घरात बोलायला कोणी नाही, तर पंखा काय मोठ्याने ऐकायचाय?

तर त्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला धोंडूने नेहमीप्रमाणे तीन दणके दिले. आनंदा आला, पण सॉरी न म्हणता आला. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात डब्याएवढा स्पीकर.

"काका, आता तुम्हीच न्याय करा."

"कसला?"

"गणपतीच्या आगमनाची धून रेकॉर्ड केलीय. मास्टरिंगचा प्लगइन घ्यायचाय. म्हणजे लॅपटॉपमध्ये घालायचं एक यंत्रच समजा. तेवीस हजार."

"काय करतं ता?"

"गाणं शिवून तयार झालं ना, की शेवटची इस्त्री करतं."

"मेल्या, इस्त्रीला तेवीस हजार? नाक्यावरचा धोबी दहा रुपयात करतो!"

"म्हणूनच तर विचारतोय! चौदा दिवस फुकट वापरायला मिळतो. आमची पोरं सगळ्यालाच एक नंबर म्हणतात. मेघनाला वॉशिंग मशीन पाहिजे, ती ऐकायलाच तयार नाय. या चाळीत आवाजाबद्दल खरं बोलणारा माणूस एकच, तुम्ही."

इथे धोंडूने सांगायला हवं होतं, बाबा रे, मी बहिरा आहे. तोंड उघडलंही होतं त्याने. पण बघतो तर आनंदा चपला बाहेर काढून, मांडी घालून, भिंतीला टेकून बसलासुद्धा. त्या फरशीवर मांडी घालून कोण बसलं होतं याआधी? धोंडूला आठवेना. दिवसकार्याला आलेले लोक असतील.

"चहा घेणार?" धोंडूने विचारलं. (सगळा घोटाळा या दोन शब्दांनी केला.)

खोलीत स्पीकर ठेवायला जागा एकच, पेटी. पेटीवर घडी घातलेली गोधडी होती, तिच्यावर आनंदाने स्पीकर ठेवला आणि इस्त्री न केलेलं गाणं लावलं. धोंडूने सवयीने पेटीवर हात टेकवला. काहीतरी मऊ मऊ हललं. स्पीकर घसरायला लागला, तशी धोंडूने गोधडी ओढून बाजूला टाकली. मग आनंदाने इस्त्रीवालं गाणं लावलं. आणि काय सांगावं! ढोल पत्र्यातून तळहातात, तळहातातून छातीत. कडी नाचायला लागली.

"पहिलं सैल हाय," धोंडू म्हणाला. "दुसऱ्याला कांजी मारलीय. ताठ उभं ऱ्हातं."

आनंदा बघतच राहिला. "काका, यंत्र तेच तर करतं! मग घेऊ?"

धोंडू जन्मात पहिल्यांदा बोलायच्या आधी थांबला. घे म्हटलं तर हा उठून जाणार. नको म्हटलं तरी उठूनच जाणार. पुन्हा आपण आणि पंखा.

"कांजीचं खरंखोटं पहिल्या धुण्यात कळतं," तो गंभीरपणे म्हणाला. "उद्या परत लाव."

आनंदा उद्या आला. परवाही आला. धोंडूने वरच्या फळीवरून लक्ष्मीचा कप काढला, कोळी झटकला, धुतला. तिसऱ्या दिवशी खारी आणून ठेवली. चौथ्या दिवशी दाढी केली. (चार वर्षांत दाढी फक्त राजेश येणार असला की व्हायची. म्हणजे तसं बघितलं तर फार नाही व्हायची.) पंचाईत एकच होती. गोधडी गेल्यापासून दोन्ही गाणी हाताला सारखीच लागत होती. मग धोंडू दोष शोधून काढायला लागला.

"ताशापाशी गाठ पडलीय."

"मधेच एक धागा तुटलाय बघ."

आनंदा रात्रपाळीला लावल्यासारखा घरी जाऊन ती गाठ सोडवायचा आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला आणायचा. धोंडू मान हलवायचा. "सुटली. पण आता पलीकडे सरकली."

सहाव्या दिवशी मेघना नवऱ्याला शोधत आली, ओढणी खोचून, भांडायच्या तयारीने.

"काका, तुम्ही नको म्हणा ना एकदाचं! माझं मशीन अडलंय."

"अजून ढोल ऐकायचाय. तू बस गो. कप दोनच हायत, तू आनंदाचा घे."

मेघनाही बसली. मग तळमजल्यावरचा रामजी आपला मिक्सर घेऊन आला. "ऐका जरा काका, गरगर आवाज येतो." धोंडूने हात ठेवला आणि सांगितलं, बेअरिंग गेलं. खरंच बेअरिंग गेलेलं निघालं! ती बातमी चाळभर झाली. दुपारी चार वाजले की धोंडूच्या दारात चपला दिसायला लागल्या. तो अधूनमधून उगाच बाहेर डोकावून त्या मोजून यायचा. आठ आणि आपल्या दोन, दहा.

असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी आनंदा दादरच्या कुठल्याशा स्टुडिओतून हेडफोन मागून घेऊन आला. वाटीएवढे दोन गोळे आणि मधे पट्टी.

"उद्या मुदत संपते काका. यात केस पडला तरी ऐकू येतो म्हणतात. आज निकाल द्यायचा."

धोंडूने आपल्या तळहाताकडे बघितलं. हेडफोनवर हात ठेवून काय समजणार? पण खोली भरलेली. रामजी दुरुस्त झालेलं मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन बसलेला, मेघना खारी मोडत होती. नाही म्हणणार कसा? आनंदाने गोळे कानांवर चढवले आणि लॅपटॉपवर वाकला.

धोंडूला काही ऐकू आलं नाही. येणारच नव्हतं. त्याने डोळे मिटले. मान हलवायला लागला. मग बोटांनी मांडीवर ठेका धरला. एकदा "अहाहा" म्हणाला. एका ठिकाणी तर भुवई चढवून नापसंतीही दाखवली, म्हणजे अगदीच खोटं वाटू नये. दोनेक मिनिटांनी डोळे उघडले, तळहात वर केला आणि जाहीर केलं, "घे! डोळे झाकून घे. ढोल असा की मिलचा भोंगा मागे पडावा!"

सगळे त्याच्याकडे बघत होते. आनंदाचे ओठ हलले. धोंडूला ते नीट वाचता आले.

"काका, अजून लावलंच नाय."

रामजी असा हसला की मिक्सरचं भांडं मांडीवरून गडगडत दारापर्यंत गेलं. मेघना मात्र हसली नाही. ती धोंडूच्या समोर येऊन बसली आणि हळू, एकेक शब्द ओठांवर मांडून म्हणाली, "काका, तुम्हाला ऐकू येत नाय?"

"येतं. पायजे तेवढं येतं." धोंडूने हेडफोन काढून आनंदाच्या हातात दिले. "जावा आता. माका झोपायचंय."

दुपारचे साडेचार वाजले होते.

दुसऱ्या दिवशी चारला कोणी आलं नाही. धोंडू दोनदा दाराबाहेर जाऊन आला. चपला दोन, त्याच्याच. पेटीवर हात ठेवून बसला. कडी गप्प. म्हाताऱ्याला आणखी लाजवायला नको म्हणून आनंदाने धून लावणंच बंद केलं असावं. आता लाटणं उचलायचं तरी कशासाठी? न झालेल्या आवाजाची तक्रार करायला अजून तरी कोणी भिंत बांधली नाही. लक्ष्मीचा कप त्याने धुतला, पुसला आणि वरच्या फळीवर, कोळ्याच्या जागी, परत ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा हात पेटीवर असताना कडी हलली. तीनदा. थांबली. परत तीनदा.

पलीकडून कोणीतरी भिंतीवर लाटणं आपटत होतं!

धोंडूने दार उघडलं. दारात आनंदा आणि मागे मेघना, हातात लाटणं. टकटक ऐकू येत नाही म्हणून तिने ही युक्ती काढली होती.

"काका, प्लगइन नाय घेतला," आनंदा अगदी तोंडासमोर येऊन म्हणाला. "घरी लावून बघितलं, स्टुडिओत बघितलं. तुमच्याकडे ढोल लागायचा तसा कुठेच लागेना. मग ही म्हणाली, अहो, तिथे स्पीकर पेटीवर होता."

"पहिल्या दिवशी आधी गोधडी होती खाली, यांनीच सांगितलं," मेघना म्हणाली. "ती कांजी यंत्राची नव्हती काका, काकूंच्या पत्र्याची होती."

धोंडूला भरून आलं. म्हणजे आपला हात खोटा नव्हता! तो छाती काढून उभा राहिला. "मग? परत ऐकवायचंय माका?"

"नाय नाय, तुम्ही नसलात तरी चालेल," आनंदा म्हणाला. "पेटी पायजे. दोन दिवस."

छाती जागेवर गेली.

"पेटी घराबाहेर जाणार नाय," धोंडू म्हणाला. "चार वर्षांत मी तिचं कुलूपसुद्धा काढलं नाय. ठोकायचं ता हय येऊन ठोका. आणि येताना साखर आणा."

ते आले. पेटीवर स्पीकर, पेटीसमोर माइक. म्हणजे पेटीतून घुमून येणारा आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा. तीन मिनिटं कोणी हलायचं नाही, श्वाससुद्धा बेताने, असं आनंदाने धोंडूच्या तोंडासमोर येऊन दोनदा बजावलं. धोंडू पेटीवर हात ठेवून दगडासारखा बसला. शेवटाकडे घशात खवखवलं. त्याने दाबलं, दाबलं आणि शेवटी अगदी हळूच मोकळं केलं. त्याच्या स्वतःच्या कानाला काही लागलं नाही, म्हणून त्याला वाटलं, कोणालाच लागलं नसेल.

आठवड्याने मेघना मोबाइल घेऊन आली. गाणं सगळीकडे पोचलं होतं, खाली नावं दिली होती. धोंडूने चष्मा पुसून, बोट फिरवत, अक्षर अक्षर जोडत वाचलं. बेंजो, आनंदा. ढोल, ताशा, कोण कोण. मास्टरिंग, लक्ष्मीकाकूंची पेटी. तिथे त्याचं बोट थोडा वेळ थांबलं.

"आणि माझं नाव?"

"आहे की. सगळ्यात खाली."

सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'खोकला: धोंडू साटम'.

"हा काढता येत नाय?" धोंडू भडकला.

"येतो की काका," आनंदा दारातून चपला काढत म्हणाला. "पण त्याला ते तेवीस हजारांचं यंत्र लागतं."

धोंडूने क्षणभर विचार केला. तीन आठवडे अडलेला निकाल त्याने तिथल्या तिथे दिला.

"मग घे, मेल्या! स्वस्त हाय!"