सरासरी पाय

एकोणीसशे सत्याऐंशी साली, भिवंडीत टेमघरच्या एका सरकारी कचेरीत, शिपाई पंढरीनाथ अनवाणी शिडीवर चढलेला आढळून आला. कचेरीचं नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या शेपटीवर पाय नको. 'आढळून आला' हे शब्दही अहवालातले. एरवी पंढरीनाथ एकतीस वर्षं रोज त्या शिडीवर चढत होता आणि कुणालाही कधी आढळला नव्हता. पण त्या दिवशी ठाण्याहून मोठे साहेब तपासणीला आले, त्यांनी मान वर केली आणि त्यांना भेगा पडलेल्या दोन टाचा दिसल्या. शासनाची प्रतिमा जागच्या जागी मलिन झाली.

आता हे पाय पडघ्याकडच्या शेताच्या बांधांवर वाढलेले. अंगठा शेजारच्या बोटापासून फटकून, पाचही बोटं हाताच्या पंजासारखी फाकलेली. शिडीची पायरी तो बोटांनी अशी पकडायचा की दोन्ही हात फायलींना मोकळे. छताला टेकलेल्या मांडणीतली कुठलीही फाईल मागा, चहा निवायच्या आत हजर! याच जोरावर त्याला दफ्तरीची जागा मिळायची होती. दफ्तरी म्हणजे फायलींचा रखवालदार. त्यात शिपायाचं स्टूल जाऊन खुर्ची येते. त्याच्या बायकोने, कौसल्याने, त्या खुर्चीसाठी क्रोशाचं कव्हर विणूनसुद्धा ठेवलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. नवरा एकदा तरी खुर्चीवरून उठून घरी यावा, एवढंच त्या बाईचं म्हणणं.

महिन्याभरात परिपत्रक आलं. सर्व कर्मचाऱ्यांनी काळे, टोकदार, नाडीचे बूट वापरावेत. बुटांविना शिडीस स्पर्श करू नये. मापं घ्यायचं काम हेडक्लार्क चिंतामणी भाऊसाहेबांकडे गेलं. भाऊसाहेब कामाला चोख. त्यांनी एकेचाळीस जणांचे पाय जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने आखले, सगळ्यांची बेरीज केली, एकेचाळीसने भागलं आणि आलेल्या सरासरी पायाचे एकेचाळीस जोड मागवले. तो पाय कचेरीत एकाचाही नव्हता.

"भाऊसाहेब, यात माझी बोटं मावत न्हाईत," पंढरीनाथ म्हणाला. "एकाच्या डोक्यावर एक बसल्यात."

"किती मावतात?"

"तीन."

"पाचातली तीन, म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास आहे रे! तक्रार कसली करतोस?"

पहिल्या दिवशी पंढरीनाथ तीनदा पडला. आठवड्यात सगळी कचेरी पडू लागली. ज्यांचे पाय लहान त्यांनी बुटात चिंध्या कोंबल्या, ज्यांचे मोठे त्यांनी देवाचं नाव घेतलं. अपघातांची नोंदवही उघडली गेली. तिच्यात 'पडण्याचे कारण' या रकान्यात दोनच पर्याय होते, फरशी किंवा कर्मचारी. बूट शासनमान्य असल्यामुळे त्यांच्यावर संशय घेता येत नव्हता. मग फरशीला दोषी ठरवून ती छिन्नीने ठोकून खडबडीत करण्यात आली. त्यावर लोक अडखळून पडू लागले, म्हणून दोन्ही भिंतींना दोर बांधण्यात आले. जाणाऱ्यांनी डावा धरायचा, येणाऱ्यांनी उजवा. साहेबसुद्धा दोर धरून लघवीला जायचे, इतकी शिस्त आली.

शिडी मात्र ओस पडली. फायली वर, कर्मचारी खाली, आणि खिडकीशी लोकांची ही रांग. शेवटी ठाण्याहून आदेश सुटला: कर्मचाऱ्यांचा तोल तपासा, ज्याचा तोल सामान्य ठरेल त्यालाच दफ्तरी नेमा. पंढरीनाथने घरी जाऊन सांगितलं आणि कौसल्याने कव्हर धुऊन वाळत घातलं.

तपासायला डॉक्टर विद्युल्लताबाई आल्या. त्यांनी आधी सगळ्यांना बूट काढायला लावले. मग म्हणाल्या, "पायाची नुसती करंगळी हलवा. बाकीची चार स्थिर ठेवा." चाळीस जण आपापल्या करंगळीकडे डोळे वटारून बसले. नवा शिपाई अवधूत, त्याचे तर कान हलले, करंगळी हलली नाही. पंढरीनाथने पेटी वाजवावी तशी दाही बोटं एकेक करून हलवून दाखवली. मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं होतं. पोरं धपाधप पडली. पंढरीनाथ अकरा मिनिटं उभा होता, बाईंनीच कंटाळून पुरे म्हटलं, तर विचारतो, "दुसरा पाय दावू का?"

बाई हसत हसत आकडे देऊन गेल्या. पंढरीनाथ आनंदाने भाऊसाहेबांच्या टेबलाशी उभा राहिला. भाऊसाहेबांनी त्याला वगळून उरलेल्या चाळीस जणांची बेरीज केली, भागलं आणि चष्मा काढून पुसला.

"पंढरी, सरासरी निघाली नऊ सेकंद. अवधूत बरोबर नवव्या सेकंदाला पडला. याला म्हणतात सामान्य तोल!"

"पन भाऊसाहेब, मी तर पडलोच न्हाय!"

"तेच तर! सगळी कचेरी पडते आणि तू एकटा पडत नाहीस. कुणाला तोंड दाखवू मी? तोल असामान्य, असा शेरा मारावा लागेल. असामान्य माणसाला शासन खुर्ची कशी देणार?"

अवधूत खुर्चीत बसला. पंढरीनाथला रडू आलं, चांगलं घळाघळा आलं. घरी कौसल्याने साऱ्या कचेरीच्या बोटांचा उद्धार केला.

पण कामं थांबून कशी चालतील? मग रोज अकरा वाजता दफ्तरखान्याचं दार आतून लावलं जाऊ लागलं. भाऊसाहेब भिंतीकडे तोंड करायचे आणि म्हणायचे, "पंढरी, काढ बूट. मी काही बघत नाही." तो सरसर वर चढायचा, फायली खाली द्यायचा, आणि अवधूत खुर्चीतून सही करायचा: 'दफ्तरीने स्वतः काढून दिल्या.' कौसल्याचं ते कव्हर पंढरीनाथने शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीला घातलं होतं. डबा तो तिथेच बसून खायचा.

तुम्ही हसताय. हसा की. पण आता जरा पायातलं काढा आणि नुसती करंगळी हलवून बघा. बाकीची चार स्थिर ठेवून. नाही ना हलली? अभिनंदन, अवधूतच्या मागे त्या खुर्चीवर तुमचाच नंबर. तेवढं उठताना भिंत धरा.