भोकापुरती आमटी

मल्हारीच्या हातून कपबशी सुटली आणि मोरीच्या उंबऱ्यावर आपटून तिचे तुकडे झाले, तेव्हा सावळीराम चहाचा घोट घेत होता. आता पाठीत धपाटा बसणार, म्हणून त्याने स्वतःचीच मान आत ओढून घेतली. चांदवडला लहानपणी लागलेली सवय ती, जाते कुठली? पण धपाटा आलाच नाही.

"असू दे रे," त्याची बायको लता मल्हारीला म्हणाली. "कप फुटला, तू नाही ना फुटलास? झाडू आण, आपण दोघं मिळून भरू."

सात वर्षांच्या मल्हारीने झाडू आणला, तुकडे सुपलीत भरले आणि "शाब्बास, किती नीट भरलेस!" एवढं कौतुक पदरात पाडून घेऊन तो शाळेत गेला. सावळीरामने कप खाली ठेवला. आदल्याच संध्याकाळी वीज गेली असताना त्याच्या हातून कंदिलाची काच फुटली होती. तेव्हा ह्याच बाईने, ह्याच घरात, "डोळे काय कचेरीत ठेवून आलात?" असं विचारलं होतं.

ह्या सगळ्याचं मूळ महिला मंडळात होतं. महिन्यापूर्वी तिथे पुण्याच्या कुणी बाई भाषणाला आल्या होत्या. पोराला 'पडशील' म्हणू नका, 'सांभाळून चढ' म्हणा. 'चुकलं' म्हणू नका, 'अजून जमलं नाही' म्हणा. दोष सांगायचाच असेल तर आधी कौतुक करा, मग सांगा. रोजच्या साध्या चार शब्दांनी पोर असं घट्ट होतं, की पुढे जगाने कितीही आपटलं तरी फुटत नाही. लता हे सगळं ऐकून घरी आली ती जणू नवीन माहेर मिळाल्यासारखी.

आणि खोटं कशाला बोला, पोरावर गुण दिसत होता. पूर्वी मल्हारी गणितात नापास झाला की दोन दिवस जेवत नसे. आता पाटी आईपुढे ठेवून म्हणे, "भागाकार अजून जमला नाही, गुणाकार जमला." पेरूच्या झाडावरून पडला तर गुडघा स्वतःच धुऊन आला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी खालची फांदी धरीन."

सावळीरामला पोराचा अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो मत्सर. आता चाळिशीला टेकलेल्या, पाटबंधारे खात्यात कारकुनी करणाऱ्या माणसाने पोटच्या पोराचा मत्सर करावा, ही काही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पण होती खरी. त्याची आई कुसाबाई, जिवाला जीव देणारी बाई, पण तिने आयुष्यात त्याला एकच आशीर्वाद दिला होता. "मेल्या, तुझ्या हातून काय व्हायचं हाय!" मॅट्रिकचा निकाल घेऊन तो धावत घरी गेला, तेव्हाही ती म्हणाली, "पास झाला? मास्तर लय दयाळू दिसतोय." लग्न झालं, तेव्हा त्याला वाटलं होतं, आता बायको तरी 'शाब्बास' म्हणेल. नऊ वर्षं झाली, बायको म्हणाली नव्हती. इतके दिवस त्याचं दुःख नव्हतं, कारण तो शब्द घरात कुणालाच मिळत नव्हता. आता तो घरात रोज शिजत होता आणि ह्याच्या ताटात पडत नव्हता.

मग त्याने तो कमवायचं ठरवलं. सकाळी उठून अंथरुणाच्या घड्या घातल्या. लता म्हणाली, "अहो, ही चादर आहे की समोसा?" बाजारातून न सांगता मेथी आणली. लताने जुडी सोडली आणि म्हणाली, "निम्मी पिवळी. भाजीवाल्याने शेळीसाठी ठेवलेली तुमच्या गळ्यात मारली." ती पिवळी पानं तिने शेजारच्या खातूनबीच्या शेळीपुढे टाकली. शेळीने ती खाल्ली, तर लता तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "शाब्बास गं मैना!"

शेळीला! सावळीराम त्या रात्री कूस बदलत राहिला.

शेवटी त्याला लोणच्याची फळी आठवली. स्वयंपाकघरात बरण्यांना जागा नव्हती, आणि एक फळी ठोकून द्या म्हणून लता तीन वर्षं मागे लागली होती. रविवारी दुपारी मंडळात त्याच पुण्याच्या बाईंचं दुसरं भाषण होतं. लता तिकडे गेली की फळी ठोकायची, बरण्या मांडायच्या आणि खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसायचं. ती दारातून आत येईल, बघेल, आणि मग...

नाशिकरोडच्या त्या बैठ्या चाळीत दोन घरांमधली भिंत नुसती अब्रूपुरती होती. एकेरी वीट आणि वर बोटभर गिलावा. इकडे फोडणीला मिरची पडली की तिकडे खातूनबी शिंकायची. खातूनबीचे मालक रहेमानचाचा टांगा हाकायचे. सावळीराम त्यांच्याकडे हातोडी आणि छिन्नी मागायला गेला, तेव्हा ते स्टेशनवर निघाले होते.

"फळी ठोकायची? पाच मिनिटांचं काम," चाचा म्हणाले. "थांबा, मीच ठोकून देतो."

"नको नको, चाचा," सावळीराम घाईघाईने म्हणाला. शाब्बासकीत वाटेकरी कशाला?

"बरं. पण भिंत नाजूक आहे हां, भाऊ. प्यारसे."

पहिला खिळा वाकला. दुसरा उडाला आणि चुलीमागे गेला. तिसऱ्याच्या वेळी हातोडी अंगठ्यावर बसली.

"बाबा, प्रयत्न छान होता," मल्हारी म्हणाला.

"गप रे!"

"तिसरा दुसऱ्यापेक्षा जास्त आत गेला होता. अजून जमलं नाही, एवढंच."

सावळीरामच्या अंगठ्यात जेवढी कळ होती, तेवढीच काळजात उठली. बायको नाही, तर बायकोचे शब्द पोराच्या तोंडून ऐकायचे! खिळ्याचा नाद त्याने सोडला. आधी भोक पाडून त्यात लाकडाची गिट्टी बसवायची, मग खिळा, हे त्याला ऐकून ठाऊक होतं. त्याने छिन्नी भिंतीला लावली, मनात शेळी आणली आणि हातोडी घातली.

छिन्नी भिंतीत गेली. गेली ती गेलीच. हातात काही राहिलं नाही. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग खिळा उपटल्याचा आवाज आला, मग डबे कोसळल्याचा, मग शेळी ओरडल्याचा, आणि सगळ्यात शेवटी खातूनबीचा.

"या अल्ला! भूकंप!"

झालं होतं असं, की बरोबर त्याच जागी पलीकडून चाचांनी आपली मसाल्याची फळी ठोकली होती. छिन्नीने तिचा खिळा ढकलून दिला. फळी एका बाजूने खाली आली आणि हळदीचा डबा मैनाच्या अंगावर रिकामा झाला. पिवळीधमक मैना शिंकत शिंकत दाराबाहेर पळाली आणि चाळीच्या टोकापर्यंत धावत गेली. तिच्यामागे पोरांची वरात निघाली.

भिंतीतल्या भोकातून उजेड आला. मग उजेड गेला आणि तिथे एक डोळा आला.

"कोण आहे?" डोळ्याने विचारलं.

"मी... मी सावळीराम."

"भाऊ? तुम्ही भिंतीत काय करता?"

"फळी ठोकतोय, खातूनबी."

"ठोका, ठोका. आमची पडली, तुमची तरी राहू दे." मग ती हसायला लागली. "घाबरू नका हो. डबा पडला, मी नाही ना पडले? लताबाई म्हणते ना तसं. मला सगळं ऐकू येतं इकडे. परवा आमच्या म्हाताऱ्याने घोड्याला नवीन नाल ठोकला, मी म्हटलं, शाब्बास! असा लाजला, असा लाजला, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या."

चाचांनासुद्धा! सावळीरामने हातोडी खाली ठेवली. म्हणजे ह्याच्या घरचा माल भिंत ओलांडून शेजाऱ्यांना पोचत होता. उपाशी काय तो हा एकटा.

"लताला सांगू नका," तो भोकाला म्हणाला. "हळदीचा डबा मी भरून देतो."

"माझं तोंड बंद," खातूनबी म्हणाली. "तुम्हीच सांगा पण. लपवलं की भोक मोठं होतं."

सावळीरामने पुढच्या खोलीतलं कॅलेंडर काढून भोकावर लटकवलं. गिलावा झाडला. फळी खाटेखाली सारली. मल्हारी हे सगळं गंभीरपणे बघत होता.

"बाबा, आई रागावणार नाही. मी सांगितलं की नाही रागावत."

"तुझ्यावर नाही रागावत. माझं वेगळं आहे."

"का?"

सावळीरामने कॅलेंडर पुन्हा सरळ केलं. मल्हारीने थोडा विचार केला. "मग आधी कौतुक करा. आई म्हणते, आधी कौतुक करायचं, मग चूक सांगायची. तुम्ही आईला शाब्बास म्हणता ना?"

नऊ वर्षं सावळीरामने घरात बरंच काही म्हटलं होतं. मीठ कमी आहे म्हटलं होतं. बटण तुटलंय म्हटलं होतं. हा शब्द मिळायची मात्र त्याने फक्त वाट बघितली होती. तो कधी द्यायचाही असतो, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

दिवेलागणीला लता आली. चपला काढतानाच म्हणाली, "अहो, मैनाचं लग्न ठरलं वाटतं. चांगली हळद लागलीय तिला. चौकात उभी राहून शिंकतेय."

"असेल, असेल," सावळीराम वर्तमानपत्रातून म्हणाला. वर्तमानपत्र उलटं होतं.

ताटं मांडली. लताने आमटी वाढली. रोजचीच तुरीच्या डाळीची, गोडा मसाला घातलेली. सावळीरामने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मल्हारीने त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली. सावळीरामने डोळे ताटावरच ठेवले आणि एका दमात बोलून टाकलं,

"आमटी छान झालीय."

लताच्या हातातली पळी पातेल्याच्या काठावर थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघरात कधी नव्हे ते आलेल्या कॅलेंडरकडे बघितलं.

"काय फोडलंत?"

सावळीरामने अंगठा मांडीखाली लपवला. "कुठे काय? आमटी छान झाली, म्हणून आपलं..."

तेवढ्यात कॅलेंडरचा कागद थरथरला आणि त्यामागून, एकदम मायेने, आवाज आला. "बोला भाऊ, बोला! घाबरू नका! तुम्हाला जमतंय!"

लता उठली. तिने कॅलेंडर बाजूला केलं. भोकात डोळा होता. डोळ्याने तिला सलाम केला आणि तो समजूतदारपणे बाजूला झाला. मग लता वळली, आणि सावळीरामने सगळं सांगितलं. खिळे, छिन्नी, हळद. फक्त शेळीचा मत्सर तेवढा वगळला.

"फळी?" लता म्हणाली. "माझ्यासाठी?"

"लोणच्याच्या बरण्यांना. तू यायच्या आत करायची होती."

लता परत ताटाशी येऊन बसली आणि तिने पळी हातात घेतली. "आमटी खरंच छान झालीय, की भोकापुरतीच?"

"खरंच." तो म्हणाला. "रोजच असते. सांगायचं राहून जातं."

लताने त्याला आमटी वाढली, वाटीच्या काठापर्यंत. मग परत उठली आणि उगीचच कॅलेंडर सरळ करत बसली. ते आधीच सरळ होतं. तशीच पाठ करून ती भिंतीलाच म्हणाली,

"भोक मात्र सरळ पाडलंत हो. सुताराला पाडता येणार नाही, इतकं सरळ."

सावळीराम हातातला घास हातातच धरून बसला. कान तापले होते. चाचांनी दोन पोळ्या जास्त का खाल्ल्या, ते त्याला आता कळलं. त्याने पोळीसाठी ताट पुढे केलं, आणि तेव्हा त्याचं लक्ष समोर गेलं.

मल्हारीने जेवण थांबवलं होतं. खालचा ओठ पुढे आला होता.

"मी पाटावर खिळा ठोकला होता," तो म्हणाला, "तेव्हा मला नुसतं 'प्रयत्न छान' म्हणालीस. सरळ नाही म्हणालीस."

तो चेहरा सावळीरामने लगेच ओळखला. महिनाभर दाढी करताना तो रोज आरशात हाच बघत होता.