खिडकीचं कडवं

"पत्रकात खिडकीचा उल्लेख आहे का? नाही ना? मग राहू दे बंद," सासूबाई म्हणाल्या आणि हातातली बदामाची राणी जंतुनाशकाच्या फडक्याने पुसू लागल्या.

जावईबापूंची पंचाईत अशी, की ते पत्रक त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. आरोग्य कार्यालयाच्या प्रसिद्धी विभागात ते नोकरीला होते आणि गल्लीत सगळे त्यांना प्रसिद्धीराव म्हणत. साथ सुरू झाल्यापासून 'हात धुवा, कडी पुसा, मूठ पुसा' हेच त्यांनी शंभर प्रकारे लिहिलं होतं. सासूबाईंचं कार्यालयावर अपार प्रेम. पत्रकातलं अक्षर न् अक्षर त्या पाळत. भाजी धुवून झाली की नळ धुवत आणि नळ धुवून झाला की पुन्हा हात. दुपारी त्यांच्या तीन मैत्रिणी पत्ते खेळायला येत. पुसून पुसून पत्त्यांचे रंग इतके उडाले होते की राजा कोण आणि गुलाम कोण, यावरून रोज भांडण व्हायचं. आणि हे भांडण चालायचं दार लावून, खिडकी लावून, चौघींची डोकी जवळजवळ आणून, अगदी मोकळ्या गळ्याने.

सासूबाईंची छाती मुळात नाजूक. नुसता गारठा पडला तरी रात्रभर धाप लागायची. आणि आजार पसरतो तो श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून, हे प्रसिद्धीरावांना आता पक्कं कळलं होतं. म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"आई, अहो, मिरची करपली की माजघरात ठसका लागतो ना? कढईला हात लावता का तुम्ही? तसंच आहे हे. हवेत तरंगत राहतं."

"मिरचीचं मला सांगू नका. कार्यालयानं सांगितलंय का?"

"मीच सांगतोय की!"

"तुम्ही म्हणजे जावई," सासूबाई म्हणाल्या. "कार्यालय वेगळं."

मैत्रिणींनी माना डोलावल्या. संत सांगतात की देव अंतरात आहे, पण भक्त धाव घेतात ती देवळाकडे. घरातल्या माणसाचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी प्रसिद्धीराव मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, पत्रकात एकच ओळ वाढवू या. खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा."

साहेबांनी आधी दार लोटून घेतलं. "हा शब्द इथे मोठ्यानं काढू नका."

"कुठला? खिडकी?"

"हवा! लोकांना हवेतून पसरतं म्हटलं तर लोक श्वास घ्यायला घाबरतील. शिवाय एवढे दिवस कडी-कोयंडे पुसायला लावले, ते काय म्हणतील? शब्दांची समिती बसलीये त्यावर. तूर्त आपण 'थेंब' म्हणतो. थेंब खाली पडतो. हवा कुठे पडत नाही, म्हणून अडचण आहे."

"पण साहेब, मिरची करपली की..."

"मिरचीवर आपल्याकडे अभ्यास झालेला नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही ते हात धुण्याचं गाणं पुरं करा. सोमवारी कर्ण्याची गाडी फिरायची आहे."

गाणं प्रसिद्धीरावांनीच रचलं होतं आणि आपण कोरसात उभं राहावं, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पण देव गळे वाटत होता तेव्हा हे बहुधा चपला ठेवायच्या जागी अडकले असावेत. भक्ती अफाट, सूर बेपत्ता. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बायकोने घरात गाण्यावर बंदी घातली होती, ती आजवर उठलेली नव्हती.

ध्वनिमुद्रण कार्यालयाच्या मागच्या खोलीत ठरलं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गाद्या लावल्या. आत जाताना भांडारप्रमुखबाईंनी प्रत्येकाचे हात धुऊन घेतले, माइक पुसला, खुर्च्या पुसल्या, पेटीच्या पट्ट्याही एकेक करून पुसल्या. साहेब स्वतः पुढे उभे राहिले. मागे टंकलेखिका, हिशेबनीस आणि अर्धं कार्यालय. पहिल्याच ओळीला साहेबांनी हात वर केला.

"कोण आहे तो?"

सगळ्यांनी प्रसिद्धीरावांकडे पाहिलं.

"तुम्ही असं करा," साहेब मायेने म्हणाले, "बाहेर अंगणात झाडाखाली बसा. तिथून लक्ष द्या."

प्रसिद्धीराव बाहेर बसले. दाराशी ठेवलेले सगळ्यांचे रिकामे पेले त्यांनीच उचलले, दाराची मूठ त्यांनीच दहा वेळा फिरवली. हात धुवायला गेले तर अंगणातल्या नळाला पाणी नव्हतं. मग हात शर्टाला पुसून ते मन मारून झाडाखाली बसून राहिले. आतून दुपारभर 'हात धुवा हो, हात धुवा' चा गजर चालू होता. एकाने तर मधेच खोकून घेतलं आणि पुन्हा ताल धरला.

आठवडा सरत आला आणि कोरस आडवा झाला. आधी हिशेबनीस, मग टंकलेखिका, मग साहेब. कुणाचं जिवावर बेतलं नाही, देवाची कृपा. पण अंथरुणातून उठवत कुणालाच नव्हतं. त्यात भर म्हणजे ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरूच होईना. भांडारप्रमुखबाईंनी आजारी पडण्यापूर्वी ते कर्तव्यबुद्धीने जंतुनाशकात भिजवून पुसलं होतं. गाणं धुऊन निघालं होतं.

साहेबांचा घरून फोन आला. आवाज फाटलेला.

"तुम्ही... बरे आहात?"

"हो साहेब."

"कसे काय? तुम्ही पेले उचललेत. मुठी फिरवल्यात. हात तरी धुतले होते?"

"नळाला पाणी नव्हतं, साहेब."

"मग?"

"मी अंगणात होतो. मोकळ्या..." प्रसिद्धीरावांनी पुढचा शब्द गिळला.

पलीकडून खोकल्याची लांबलचक उबळ ऐकू आली.

"दुसरं यंत्र आणा," साहेब म्हणाले, "आणि तुम्हीच गा. आता दुसरं आहेच कोण! आणि तुमच्या त्या खिडकीचं एक कडवं घाला."

"साहेब!" प्रसिद्धीरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पण 'हवा' म्हणायचं नाही. समिती अजून उठलेली नाही."

"मग खिडकी कशासाठी उघडायची म्हणून सांगू?"

"उजेडासाठी, म्हणा."

सोमवारी दुपारी गाडी गल्लीत शिरली. प्रसिद्धीराव मुद्दाम अर्धी रजा टाकून घरी थांबले होते. कर्ण्यातून त्यांचा आवाज फुटला आणि पाठोपाठ गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद होऊ लागल्या. समोरच्यांची झाली, वरच्यांची झाली, कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर दुकानाचं फळकूटही ओढून घेतलं. कर्ण्यात गाणं चाललं होतं: 'खिडकी उघडा, तावदान सारा, उजेड आत घ्या हो...' आणि इकडे आख्खी गल्ली मिटत चालली होती. प्रसिद्धीरावांनी डोकं धरलं.

"हे कोण केकाटतंय?" सासूबाई पत्ते टाकून उठल्या. कितीतरी दिवस न हललेली कडी त्यांनी फटकन ओढली आणि खिडकीतून अर्ध्या बाहेर झुकल्या. "ए! कुणाचा गळा कापताय रे?"

मग त्यांना गाडीवरची कार्यालयाची मोठी मोहोर दिसली. त्यांनी कडवं पूर्ण ऐकलं. पदर सावरला. आणि मग समोरच्या घरावर गरजल्या, "अहो, बंद काय करताय? कार्यालय उघडा म्हणतंय! वरच्या, तुम्हीसुद्धा! शिंपीदादा, ऐकू येत नाही का?"

सासूबाईंपुढे गल्लीत कुणाची टाप नव्हती. एकेक तावदान कुरकुरत उघडलं.

"बघा जावईबापू," त्या वळून म्हणाल्या, "याला म्हणतात अधिकारी माणूस. गळा रेड्याचा, पण बोलण्यात वजन आहे. नाहीतर तुम्ही! इतके दिवस मिरची-मिरची करत होतात."

बायकोने पदराआड हसू दाबत कोपराने ढोसलं. "अहो, सांगा की आईला."

"नको," प्रसिद्धीराव कुजबुजले. "खिडकी उघडी आहे तोवर मला गप्प बसू दे."

मैत्रिणींनी पत्ते पुन्हा वाटायला घेतले. पडदा हलला. सासूबाईंनी डोळे मिटून छातीभर श्वास घेतला.

"उजेडाचं राहू द्या, हवा काय सुरेख येतेय गं!" त्या म्हणाल्या. "पण हे एवढं गाण्यात घालायला काय झालं होतं? कोण लिहितो रे हे, त्याला इतकंही सुचू नये?"