सासऱ्यांच्या कवळीची डबी

"सांधा शोधून दाखवा, मिशी उतरवीन," सांधेमास्तरांनी सासऱ्यांना कारखान्यात बोलावून सांगितलं. पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन तुकडे ते लेझरने असे जोडत, की सांधा दिसायचा नाही आणि हत्तीने ओढला तरी सुटायचा नाही. पण सासरे बारा वर्षं गावभर सांगत आले होते, "जावई डिंक लावतात." तो डिंक आज पुसायचाच होता.

म्हणून मास्तरांनी सासऱ्यांच्या कवळीसाठी काचेसारखी डबी बनवली होती. झाकणावर लेझरने चार शब्द कोरले, की झालं.

सासऱ्यांनी संशयाने वरची कवळी काढून, हसरी बाजू झाकणाकडे करून डबीत ठेवली. चपखल बसली. मास्तर इतके खुलले, की झाकण लावून डबी तशीच यंत्रात सारली आणि बटण दाबलं.

यंत्राला मात्र सकाळचंच काम पाठ होतं: आधी अक्षरं, मग चारही कडा जोडायच्या.

डबी बाहेर आली ती कायमची बंद. आत कवळी हसत होती. बाहेर कोणीच हसत नव्हतं, कारण अर्ध्या तासात निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात सासऱ्यांचं अध्यक्षीय भाषण होतं.

"उघडा ना," सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"उघडत नाही, मामी. तीच तर खासियत."

"मग राहू द्या दहा मिनिटं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कानांना विसावा मिळतोय."

सासऱ्यांनी नुसतं बघितलं. त्या बघण्याला दात होते.

स्क्रूड्रायव्हर वाकला. हातोडीने टेबलाला पोचा आला. अखेर करवतीने झाकण मधोमध कापलं. सांधा जागचा हलला नाही. सासऱ्यांनी घाईत कवळी धुऊन बसवली, सांध्यावरून बोट फिरवलं.

"जावईबापू, काम पक्कं आहे हो तुमचं."

बारा वर्षांत पहिली शाबासकी! मास्तरांचा ऊर भरून आला.

"पण झाकण कोरंच कसं?" सासूबाईंनी विचारलं.

मास्तरांनी झाकणाचा तुकडा उजेडात धरला. अक्षरं उमटायला लागणारी पूड झाकणाच्या प्लॅस्टिकमध्ये नव्हतीच. त्यांनी साधा तुकडा उचलला होता. साध्या पारदर्शक तुकड्यातून अक्षरांचा लेझर आरपार जातो आणि खाली रंगीत काही भेटलं, की तिथे कोरतो. खाली भेटल्या होत्या कवळीच्या गुलाबी हिरड्या.

मास्तरांनी झाकणाचे तुकडे खिशात लपवले. शाबासकी अजून गरम होती.

भाषण फार रंगलं. स्वतःच्या प्रत्येक विनोदावर सासरे तोंडभर हसले आणि दर वेळी पहिल्या रांगेला स्वच्छ वाचता आलं: 'जावयाकडून सप्रेम. जपून उघडा.'