वहीत नसलेली ढोली

ठक्. ठक्. ठक्.

मुलांनो, हा आवाज मी एका जंगलात ऐकला, त्याला फार वर्षे झाली. अजून कानात आहे.

त्या जंगलात लाकडाचा कारखाना होता. मालक सिंह. झाडे पाडायची ती रूपकळी हत्तीण. पण आधी सुतार पक्षी झाडावर चोच मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. लाकूड चांगले आहे का, ढोलीत कुणाची पिल्ले आहेत का, झाड भलतीकडे तर कोसळणार नाही ना, सगळे त्याला त्या ठोक्यात कळे. "पाड गं बाई," तो म्हणाला की रूपकळी कपाळ लावी. नाही म्हणाला की पुढच्या झाडाकडे जाई.

एकदा सिंह शेजारच्या जंगलात जेवायला गेला. तिथल्या गुहेत तीन प्रमाणपत्रे टांगलेली होती. सिंहाला जेवण गेले नाही.

परत आल्यावर त्याने तीन खाती उघडली. दर्जाला बगळा. सुरक्षिततेला कासव. पर्यावरणाला घुबड, ते दिवसा झोपे. तिघांच्या तीन वह्या. सुतार आता एकाच झाडावर तीनदा चोच मारी. तेवढ्यात संध्याकाळ होई.

मग सिंहाने सल्लागार मुंगसाला बोलावले. मुंगसाने तीन महिने अभ्यास केला आणि तिन्ही वह्या एकाच दोऱ्याने शिवल्या. वर लिहिले, 'एकात्मिक व्यवस्था'.

"आणि माझा ठोका?" सुताराने विचारले.

"त्याला रकाना नाही, काका. तुम्ही येत जा. फक्त चोच मारू नका."

तपासणीला पाहुणे आले. त्यांच्यासमोर एक जुना साग पाडायचा होता. तिघांच्या सह्या झालेल्या होत्या. अहवालही तयार होता : अपघात शून्य, घरट्यांचे नुकसान शून्य, पोकळ लाकूड शून्य.

सुताराला राहवले नाही. त्याने एकदाच चोच मारली.

"रूपकळी, थांब गं! आत खारीची पिल्लं आहेत. डोळेसुद्धा उघडले नाहीत त्यांचे."

"काका, पाहुणे बसलेत," मुंगूस हळूच म्हणाले. "वहीत ढोली नाही."

"वहीत नसेल. झाडात आहे ना रे!"

"मग झाड चुकलंय," बगळा म्हणाला.

"सही झाल्यावर थांबणं धोक्याचं असतं," कासव म्हणाले.

घुबड झोपले होते.

"रूपकळी," सिंह म्हणाला, "पाड."

रूपकळीने कपाळ खोडाला टेकवले. आतून बारीक चीं चीं आली. मग तिने कपाळ मागे घेतले, गळ्यातला साखळदंड काढून सिंहापुढे ठेवला, आणि निघून गेली. साग उभाच राहिला.

तात्पर्य : एका ठोक्यात होणारे काम एका ठोक्यात कधी करू नये. एकाचे आधी तीन करावेत, मग तिन्हींचे एक करावे. प्रमाणपत्र त्याचेच मिळते. आणि अहवाल नेहमी आधीच लिहून ठेवावा. कुणीतरी निघून जाते आणि तो खरा ठरतो.